चिंच-राख बाजूला ठेवा, ताई

अंबाजोगाईच्या ताई, आजीच्या उतरंडीतल्या गाडग्यात चौदा हाली रुपये, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातले चांदीचे रुपये निघाले, काळे पडलेत, चिंच-राखेनं घासून विकू का, असं तुम्ही विचारलंय. घासू नका. मी तेच करून बसलोय.

आमच्या परभणीच्या घरात आजोबांचे नऊ होते. एकावर हिजरी १३३०, आणि नाण्यावरच्या चारमिनारच्या दारातला ऐन (अरबी लिपीतलं अक्षर) अर्धवट. निजाम उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या, १३२९-३० च्या नाण्यांवरच तो तसा दिसतो, पुढे पूर्ण ऐन आला. मिनारांच्या टोकांची नक्षीसुद्धा शाबूत होती, म्हणजे रुपया फारसा फिरलेलाच नव्हता. मी चिंच लावली, राखेनं घासला. पांढराशुभ्र निघाला, मोठ्या कौतुकानं आईला दाखवला.

पुढे एका जाणत्या व्यापाऱ्यानं तो दिव्याखाली तिरका धरला. टांकसाळीची चमक शिल्लक असली की नाणं कलवताना उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. माझ्या रुपयावर तो जागचा हलेना, नुसत्या केसाएवढ्या बारीक रेघा. "घासलाय," म्हणाला, आणि चांदीच्या भावाच्या जरा वर आकडा सांगितला. काळेपणा हा वरचा पातळ थर असतो, त्यानं नाण्याचं काही बिघडत नाही. राखेनं मात्र खालची चांदीच खरवडली जाते, आणि गेलेली चमक कुठल्याच पॉलिशनं परत येत नाही.

एका पेढीवर तर नाणं उलटून न बघता सरळ काट्यावर टाकलं. तिथं हाली हरणारच. कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया, ११.६६ ग्रॅमचा, ९१.६ टक्के चांदीचा; हाली ११.१८ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्के. वर 'भेसळ' म्हणून घट कापली ती वेगळीच. माझं स्पष्ट मत, सराफाकडे विकायला शेवटी जा. सगळेच तसे नसतील, मला तसा भेटला.

तुमच्या दोन रुपयांना माळेची कडी डाखलेली आहे म्हणता. संग्राहक त्यांना फार देणार नाहीत, पण कडी काढू नका, डाग राहतोच. मी तर म्हणेन, ते दोन आजीची आठवण म्हणून घरातच ठेवा.

बाकीचे कडेला धरून उचला, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, हिरवट चिकटा धरतो. मी काही प्रमाणित परीक्षक नाही, किंमत सांगणार नाही. पण खिडकीच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो टाका, दारातला ऐन नीट दिसेल असे.