घर तेच, राउटर तोच, मग आयपी का बदलतो?

प्रश्न : नमस्कार सर, घरी एक कॅमेरा बसवलाय. बाहेरनं मोबाईलवर बघता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट (म्हणजे क्रमांक असलेलं एक दार) उघडला आणि घरचा आयपी ॲपमध्ये टाकून ठेवला. तीन महिने मस्त चाललं. परवा रात्री लाईट गेली, परत आली, आणि तेव्हापासून कॅमेरा दिसतच नाही, बघितलं तर आयपीच वेगळा. मित्राकडे दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन आहे, त्याचा वर्षभर एकच आयपी आहे, तो म्हणतो तुझा राउटरच गंडलाय. बदलू का?

उत्तर : नका बदलू, उगाच खर्च. राउटरची काही चूक नाहीये. आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तो तुमचा किंवा तुमच्या राउटरचा नसतोच मुळी, कंपनीकडे पत्त्यांचा एक साठा असतो त्यातला एक तुम्हाला वापरायला दिलेला असतो, आणि तो कशा पद्धतीने दिलाय यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्यात आणि मित्रात फरक आहे तो बहुतेक इथेच.

एक पद्धत डीएचसीपीची. यात पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो, त्याला लीज म्हणतात. समजा लीज २४ तासांची आहे, तर राउटर मुदत संपायची वाट बघत बसत नाही, निम्मा वेळ म्हणजे १२ तास झाले की कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, हाच पत्ता पुढे चालू ठेवू का, आणि सर्व्हर शक्यतो हो म्हणतो. उत्तर नाही आलं तर विचारत राहतो, आणि २१ तास झाले की मग त्याच एका सर्व्हरला न विचारता जो कोणी ऐकत असेल त्या सगळ्यांना हाक मारतो. मजा अशी की लीज संपली तरी सर्व्हर तुम्हाला लगेच विसरत नाही, या राउटरला मागच्या वेळी कोणता पत्ता दिला होता ते त्याच्या नोंदीत असतं आणि तो मोकळा असेल तर तोच परत देतो. म्हणून कागदोपत्री रोज संपणारा पत्ता प्रत्यक्षात वर्षभर टिकतो. मित्राचं हेच चाललं असणार.

दुसरी पद्धत पीपीपीओई, म्हणजे ज्यात राउटरमध्ये युजरनेम पासवर्ड टाकावा लागतो. इथे प्रत्येक वेळी लॉगिन होतं, सेशन सुरू होतं, आणि साठ्यातला जो हाताला लागेल तो पत्ता मिळतो. सेशन तुटलं की पत्ता परत साठ्यात जमा. लाईट गेली, सेशन तुटलं, नवीन लॉगिन, नवीन आयपी. तुमचं प्रकरण मला तरी असंच दिसतंय, राउटरच्या वॅन (म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूच्या) सेटिंगमध्ये काय लिहिलंय बघा म्हणजे खात्री होईल. आणि लाईट गेलीच पाहिजे असंही नाही, जर्मनीत डीएसएलच्या (टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटच्या) बऱ्याच कंपन्या कित्येक वर्षं दर २४ तासांनी कनेक्शन मुद्दाम तोडायच्या, त्यामुळे तिथे रोज नवा आयपी ही नेहमीचीच गोष्ट होती.

आता असं करतातच कशाला? डायल-अपच्या जमान्यात याला सरळ कारण होतं, हजार गिऱ्हाईकं असली तरी एका वेळी शंभरेकच ऑनलाइन असायची, मग हजार पत्ते अडकवून कशाला ठेवायचे. आज राउटर दिवसरात्र चालू असतो त्यामुळे ती बचत जवळजवळ संपली, पण सवय राहिली कारण ती कंपनीच्या सोयीची आहे. पत्ते सुटे सुटे नसतात, गठ्ठ्याने एकेका यंत्राला बांधलेले असतात, आणि तुमच्या भागातली गर्दी वाढली म्हणून कंपनीने अर्धी घरं दुसऱ्या यंत्रावर हलवली की त्या सगळ्यांचे पत्ते एका रात्रीत बदलतात. प्रत्येकाला पक्का पत्ता दिला असता तर हे हलवणं डोकेदुखी झालं असतं. (शिवाय फुकटात पक्का पत्ता मिळाला तर स्टॅटिक म्हणजे न बदलणाऱ्या आयपीचे जादा पैसे कोण भरेल, हेही आहेच.)

कॅमेऱ्यासाठी : डायनॅमिक डीएनएस लावा, राउटरमध्येच बहुतेक सोय असते, त्यात आयपीऐवजी एक नाव मिळतं आणि पत्ता बदलला की राउटर त्या नावापुढे नवा पत्ता लिहून टाकतो. पण खरं सांगू का, कॅमेऱ्याचा पोर्ट असा जगासमोर उघडा ठेवणं मला पटत नाही, घरी व्हीपीएन (घरापर्यंतचा खाजगी, कुलूपबंद रस्ता) लावा आणि त्यातनं आत जाऊन बघा.

प्रश्न : राउटर बंद करून चालू केला की नवा आयपी मिळतो ना? माझा तर रात्रभर बंद ठेवला तरी तोच येतो.

उत्तर : वर सांगितलं तेच, डीएचसीपीवाला सर्व्हर तुम्हाला लक्षात ठेवतो. तो तुम्हाला ओळखतो ते बहुतेक राउटरच्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे कारखान्यातच दिलेल्या ओळख क्रमांकावरून, त्यामुळे रात्रभर बंद ठेवण्यापेक्षा राउटर बदलला तर पत्ता बदलायची शक्यता जास्त. मी स्वतः यात तोंडावर पडलोय. कामाच्या सर्व्हरवर फक्त माझ्या घरच्या आयपीलाच आत येऊ द्यायचं असं ठरवून टाकलं होतं, आठ महिने काही झालं नाही म्हणून हा पत्ता कायमचाच आहे असं धरून चाललो, मग हौसेने नवीन राउटर आणला आणि पाच मिनिटांत माझ्याच सर्व्हरच्या बाहेर उभा. शेवटी नव्या राउटरमध्ये जुन्याचा मॅक टाकला (मॅक क्लोन म्हणून ऑप्शन असतो), रीस्टार्ट केला, आणि जुना पत्ता अजून कुणाला गेला नव्हता म्हणून वाचलो.

प्रश्न : मी काहीही केलेलं नाही तरी साइट म्हणते तुमच्या आयपीवरून खूप रिक्वेस्ट येतायत, माणूस असल्याचं सिद्ध करा. शिवाय राउटरमध्ये एक आयपी दिसतो आणि आयपी दाखवणाऱ्या साइटवर दुसराच. हॅक झालंय का?

उत्तर : राउटरमधला वॅनचा आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर हॅक वगैरे काही नाही, तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक घरं मिळून वापरताय. जुन्या पद्धतीचे म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात एकूण साधारण ४२९ कोटीच आहेत, आणि त्यांचा मुख्य साठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपला. मग कंपन्या अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता द्यायला लागल्या, आणि कंपनीच्या आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये हा १००.६४ वाला पट्टा वेगळा काढून ठेवला गेला. एका पत्त्यामागे साधारण ६५ हजार पोर्ट असतात, प्रत्येक घराला हजार-दोन हजार दिले तर तीस ते साठ घरं एका पत्त्यावर सहज बसतात. त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असला की साइट सगळ्यांनाच एका मापाने मोजते. आणि इथे बदलणारे पत्ते दोन झाले, आतला वेगळा आणि बाहेरचा वेगळा, तुमचा राउटर हलला नाही तरी बाहेरचा बदलू शकतो. वरच्या कॅमेरावाल्यांनीही हे तपासून घ्या, सीजीनॅट असेल तर डायनॅमिक डीएनएस लावूनही बाहेरनं कुणी आत येऊ शकणार नाही.

प्रश्न : आयपीव्ही६ मध्ये तर पत्ते अगणित आहेत म्हणतात, मग माझा तिथलाही रोज का बदलतो?

उत्तर : कारण तिथे टंचाईचा संबंधच नाही, तो तुमचाच मोबाईल मुद्दाम बदलतो. पत्त्याचा पुढचा भाग कंपनी देते, शेवटचा ६४ बिटांचा भाग तुमचं डिव्हाइस स्वतः ठरवतं. सुरुवातीला तो भाग मॅक ॲड्रेसवरून बनवायचे, पण मग तुम्ही घरी असा, ऑफिसात असा की प्रवासात, मागचा भाग तोच राहणार आणि कुणीही माग काढणार. म्हणून आता डिव्हाइस साधारण दिवसाला एक नवा तात्पुरता पत्ता स्वतःच तयार करतं. पुढचा भाग बदलला तर मात्र ते कंपनीचं काम. आणि यामुळे आपण अदृश्य झालो असं समजू नका, लॉगिन आणि कुकी तशाच असतात.

प्रश्न : माझा जुना आयपी मग जातो कुठे?

उत्तर : दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, कधीकधी काही मिनिटांत. पहिल्या प्रश्नातल्या वाचकांनी हे नीट वाचा, तुमचं कॅमेऱ्याचं ॲप जुन्याच पत्त्यावर जात असेल तर ते आता अनोळखी घराचं दार वाजवतंय, आणि पलीकडे कुणी दार उघडलं तर युजरनेम पासवर्डही देऊन टाकेल. तो पत्ता ॲपमधनं आजच काढा आणि पासवर्ड बदला.