वाचकांचे प्रश्न : मेटल डिटेक्टर आणि नाशिकची जमीन

प्रश्न : मी नुकताच निवृत्त झालो असून सिन्नर तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. नांगरटीनंतर तेथे पूर्वी तांब्याचे जुने पैसे सापडत असत. परदेशात अनेक जण मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळतात, तसा छंद येथे जोपासता येईल का? यंत्र कोणते घ्यावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : जोपासता येईल, परंतु त्याचे स्वरूप परदेशातल्यापेक्षा बरेच वेगळे राहील. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीने हिंडणारे हौशी शोधक सापडलेल्या वस्तूंची माहिती १९९७ पासून चालू असलेल्या एका नोंदणी योजनेला देतात आणि तज्ज्ञ मंडळी ती जपून ठेवतात. आपल्याकडे मात्र निखात निधीविषयीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाविषयीचा, १८७८ चा कायदा लागू आहे. त्यानुसार जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही सापडले, तर ते काय आहे, कोठे आणि कोणत्या दिवशी मिळाले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शिवाय ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा मागतील तेव्हा हजर करण्याबद्दल तारण द्यावे लागते. हे न केल्यास शोधणाऱ्याचा त्या वस्तूवरील हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कारावासही होऊ शकतो. शेत स्वतःचे आहे म्हणून यातून सूट मिळत नाही. याखेरीज शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, म्हणून ती परस्पर विकण्याचा विचारही मनात आणू नये.

कायद्याची भीती घालण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातील एक उदाहरण देणे मला अधिक योग्य वाटते. गोदावरी-दारणा संगमावरील जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव करून त्यांचेच चलन आपल्या नावाने पुन्हा वापरात आणले, हे या साठ्यावरून इतक्या ठळकपणे दिसते, याचे कारण एवढी नाणी एकत्र अभ्यासता आली. तीच सराफाच्या मुशीत गेली असती किंवा एकेक करून संग्राहकांकडे पांगली असती, तर हे प्रमाण कोणाला कळले असते? म्हणूनच डिटेक्टरने जुने काही दाखवले, की तेथेच खोदणे थांबवावे, जागेचे छायाचित्र घ्यावे, वस्तू घासून लखलखीत करू नये आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. इंग्लंडमधील सफोक परगण्यात १९९२ साली हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधणाऱ्या एका गृहस्थाला रोमन काळातील मोठा साठा लागला. काही वस्तू वर येताच त्याने पुढचे खोदकाम थांबवून ही बातमी कळवली. त्यामुळे सुमारे पंधरा हजार नाण्यांसोबत, पेटीत कोणती वस्तू कोठे रचलेली होती, हेही संशोधकांना समजले.

आता यंत्राविषयी. त्याच्या कॉइलमधून, म्हणजे जमिनीलगत फिरवायच्या तारेच्या वेटोळ्यातून, निघणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइलकडे परत येतो. आपली काळी माती बसाल्ट खडकापासून बनलेली असल्याने तिच्यात लोहयुक्त खनिजे भरपूर असतात आणि स्वस्त यंत्र कोठेही नेले तरी कुरकुरत राहते. त्यामुळे ‘ग्राउंड बॅलन्स’, म्हणजे मातीतील खनिजांचा आवाज दाबणारी जुळणी, हाताने करता येणारे यंत्रच घ्यावे, मग पडद्यावरची सजावट कमी असली तरी चालेल. एकटे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते, त्याखाली फारशी आशा ठेवू नये. सोने आणि अॅल्युमिनियमचा कागद यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो, तेव्हा आरंभी आपल्या हाती गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणे आणि बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्याच अधिक येतील. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकांचा परिसर आणि देवळालीकडील लष्करी हद्द सर्वस्वी वर्ज्य समजावी. गोळीबाराच्या मैदानात न फुटलेला तोफगोळाही निघू शकतो आणि तेथे खुरपे चालवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

प्रश्न : कांद्याची लागवड करताना माझ्या सुनेची सोन्याची अंगठी वाफ्यात पडली. असे यंत्र असलेल्या कोणाकडून ती शोधून मिळेल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे या छंदाचा सर्वांत निर्मळ उपयोग हाच आहे. अंगठीचे वळे अखंड असल्याने ती स्पष्ट आवाज देते. बारीक साखळी शोधणे मात्र तिच्यापेक्षा पुष्कळच कठीण असते. त्या दिवशी लागवड किती वाफ्यांत झाली, हे मजुरांना विचारून दोरीने पट्टे आखावेत आणि कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, आधीच्या फेरीवर थोडी चढवत, सावकाश फिरवावी. शोध होईपर्यंत कुळव किंवा ट्रॅक्टर तेथे नेऊ नये. अंगठी द्राक्षबागेत पडली असती, तर मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल यांनी यंत्राला वेडे केले असते, एवढे आपले सुदैव समजावे.

प्रश्न : शंभर मीटरवरून गुप्तधन दाखवणारा ‘गोल्ड डिटेक्टर’ विकत घ्यावा का? विक्रेता काही विधीही करावा लागेल असे म्हणतो.
— एक वाचक, मालेगाव

उत्तर : मुळीच घेऊ नये. असे ‘यंत्र’ म्हणजे बहुधा मुठीत धरायच्या दोन सळ्या असतात. त्या धरणाऱ्याच्या मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालीने फिरतात, त्यांचा सोन्याशी काहीही संबंध नसतो. विधीची भाषा निघाली, की सावध व्हावे. धनाच्या शोधासाठी अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. विक्रेता फारच आग्रह करू लागला, तर त्याला खोलीबाहेर थांबवून, पालथ्या घातलेल्या दहा वाट्यांपैकी एकीखाली अंगठी ठेवावी आणि ती ओळखायला सांगावे. असे पाच वेळा करून पाहावे.