चेंडूजवळ थरथरणारा खेळाडू

प्रश्न : ताई, पेठेच्या संघातून मी पंधरा वर्षं बचावफळीत खेळलो. शाहू स्टेडियमवर पडल्याचे वण गुडघ्यांवर अजून आहेत. माझा मुलगा संगणकावर माणसासारखे रोबोट फुटबॉल खेळताना दाखवतो आणि म्हणतो, बाबा, यांना कुणी शिकवलेलं नाही, हे आपले आपण शिकले. कोचशिवाय खेळ येतो, हे मला पटत नाही. खरं काय?
– एक जुने खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे, आणि मुलगाही खोटं बोलत नाही. कुठल्या क्षणी गुडघा किती वाकवायचा हे त्या रोबोटला कुणीच सांगत नाही, ते तो स्वतः शोधतो. पण काय केलं की गुण मिळतील आणि काय केलं की कापले जातील, हे माणूस ठरवतो. म्हणजे कोच आहे, फक्त तो मैदानाबाहेर बसून गुणांची वही लिहितो.

संगणकात एक मैदान मांडलेलं असतं. गुरुत्वाकर्षण, जमिनीचं घर्षण, चेंडूची उसळी, सगळं गणितात. त्यात एक शरीर असतं, त्याला सांधे आणि प्रत्येक सांध्याला मोटर. प्रोग्राम सेकंदाला कित्येक वेळा प्रत्येक मोटरला एक आकडा देतो. सुरुवातीला हे आकडे अंदाजपंचे असतात, त्यामुळे रोबोट उभा राहायच्या आत कोसळतो. मग थोडे बदल करून पुन्हा, पुन्हा, लाखो वेळा. ज्या खेपेला जरा जास्त गुण मिळाले त्या खेपेकडे आकडे सरकत जातात. बस, एवढंच.

आता तुमच्या बचावफळीची गोष्ट सांगते. अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पीटर स्टोन यांचा एक गट आहे. रोबोकप या जागतिक स्पर्धेत संगणकातल्या त्रिमितीय सामन्यांचा एक विभाग असतो, त्यात ते उतरले होते. २०१० साली त्यांना पहिल्या आठातही जागा मिळाली नव्हती. खेळाडू म्हणजे नाओ नावाच्या छोट्या रोबोटची संगणकातली प्रतिकृती. मग या गटाने चालण्यावर भर दिला. पाऊल किती उचलायचं, किती लांब टाकायचं, अंग किती झुकवायचं, हे सगळे आकडे त्यांनी यंत्राला शोधायला लावले. त्यातही नुसतं सरळ वेगात जाणं शिकवून भागत नाही. सामन्यात थांबावं लागतं, गर्रकन वळावं लागतं, आडवं सरकावं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगू! म्हणून त्यांनी सरावाची वाटच तशी आखली : इथे जा, थांब, वळ, परत ये. पडलास की गुण कापले. सरळ धावण्यासाठी आकड्यांचा वेगळा संच तयार केला आणि एका संचातून दुसऱ्यात जाताना तोल जाऊ नये याचीही काळजी घेतली.

२०११ साली हा संघ २४ सामने खेळला आणि चोवीसही जिंकला. केले १३६ गोल. खाल्ले शून्य. हे शून्य तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुम्हाला त्याची किंमत माझ्याहून जास्त ठाऊक आहे. चेंडूपाशी आधी पोहोचणं आणि पायावर उभं राहणं, एवढ्यात निम्मा बचाव होऊन जातो, हे मला त्या आकड्यावरून कळलं.

तुमच्या मुलाने दाखवलेले खेळाडू बहुधा लंडनच्या डीपमाइंड प्रयोगशाळेतले असावेत. २०२२ साली त्यांनी ते काम प्रसिद्ध केलं. दोन विरुद्ध दोन, आणि शरीर नाओपेक्षा खूपच अवघड, ५६ दिशांनी हलणारं. त्यांनी शिकवायचा क्रम लावला तो वाचून मला तालमीतल्या उस्तादांची आठवण झाली. आधी खऱ्या माणसांच्या हालचालींची नोंद घेऊन तिची नक्कल. मग सराव : चेंडूमागे जा, ड्रिबल कर, ठरलेल्या जागी किक मार. आणि मग सामना. सामन्यात ते आपल्याच सोबत्यांशी खेळत गेले, आणि पास देणं, चेंडू पायात नसताना योग्य जागा धरणं असं हळूहळू दिसू लागलं. त्या पासची रेघ कुणी आखून दिली नव्हती. तुमचा मुलगा म्हणतो ते इथे खरं ठरतं.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी फुटबॉल खेळणारा ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारख्या शरीराचा रोबोट करायचाय, म्हणून आधी जिम्नॅझियम नावाच्या सॉफ्टवेअरमधलं तयार ह्युमनॉइड घेऊन संगणकातच चालायला शिकवतोय. चार दिवस ट्रेनिंग चालू आहे. तो पडत नाही, पण पुढेही जात नाही. हात पसरून जागच्या जागी उभा. कोडमध्ये चूक सापडत नाही.
– विद्यार्थी, नांदेड

उत्तर : कोड सोड, वही-पेन घे. त्या ह्युमनॉइडला न पडता राहिल्याबद्दल प्रत्येक पायरीला, म्हणजे प्रोग्रामने मोटरना आकडे दिले की दर वेळी, ५ गुण मिळतात. पुढे जाण्याचे गुण म्हणजे वेगाच्या सव्वापट. एक खेप १००० पायऱ्यांची. नुसता उभा राहिला तरी ५००० गुण गाठीला. आता तो धाडस करून सेकंदाला २ मीटर वेगाने पळाला आणि दोनशेव्या पायरीला पडला, तर दर पायरीला साडेसात म्हणजे एकूण १५००. मोटर वापरल्याचे थोडे गुण कापले जातात ते वेगळेच. तुझ्या खेळाडूने हिशेब अगदी चोख केला आहे रे. उभं राहण्याचे गुण ५ वरून खाली आण, पुढे जाण्याचं वजन वाढव आणि पुन्हा सोड.

मीही यात आठवडा घालवला आहे. रात्री दोनला उठून स्क्रीन बघितली, तर माझा ह्युमनॉइड डावा पाय किंचित पुढे टाकून उभा होता आणि त्याचा उजवा घोटा बारीक थरथरत होता. तोल सांभाळायला त्याने तेवढी एक हालचाल शोधून काढली होती. चालणं नव्हतंच त्यात, पण त्या थरथरीवरून माझी नजर हटेना.

थरथरीवरून एक जुनी गोष्ट सांगते, फुटबॉलचे गुण ठरवताना तुला उपयोगी पडेल. डेव्हिड आंद्रे आणि ॲस्ट्रो टेलर यांचा हा अनुभव १९९९ सालच्या एका शोधनिबंधात नोंदलेला आहे. संगणकातल्या फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असणं महत्त्वाचं, म्हणून त्यांनी चेंडूला पाय लागला की थोडे गुण द्यायचं ठरवलं. खेळाडू काय शिकला? चेंडूजवळ जाऊन उभं राहायचं आणि थरथरत राहायचं. प्रत्येक थरथरीला स्पर्श, प्रत्येक स्पर्शाला गुण. गोल कशाला करायचा मग?

म्हणून चेंडूला शिवण्याचे गुण ठेवू नकोस. चेंडू गोलच्या दिशेने किती वेगाने सरकला, त्याचे ठेव. आणि दर काही तासांनी व्हिडिओ बघ. गुणांचा आलेख चढतोय म्हणून खुशीत राहिलास तर फसशील.

प्रश्न : संगणकात हजार वेळा पडलं तरी काही तुटत नाही. खऱ्या रोबोटचं काय? मुलं वर्गात विचारतात.
– शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, तुमची मुलं नेमक्या जागी बोट ठेवतात. डीपमाइंडने ओपी३ नावाचा रोबोट घेतला. उंची ५१ सेंटिमीटर, वजन साडेतीन किलो, मोटर २०. टेबलावर उभा केला तर मुलांना हाताशी येईल एवढा. सगळं शिक्षण संगणकात झालं, आणि तयार झालेला प्रोग्राम तसाच्या तसा खऱ्या रोबोटमध्ये घातला.

तो खऱ्या मैदानावर टिकला, कारण संगणकातलं जग त्यांनी मुद्दाम बेभरवशाचं ठेवलं होतं. कधी जमीन निसरडी, कधी अंगावर जास्तीचं वजन, कधी हुकूम उशिरा पोहोचणार, कधी कुठूनतरी धक्का. इतक्या तऱ्हेच्या जगांत जो उभा राहिला, त्याला प्रयोगशाळेची फरशी म्हणजे आणखी एक तऱ्हा. तरी गुडघे दगा देऊ लागले. संगणकाला आवडलेल्या चालीत गुडघ्याच्या मोटरवर फार जोर येत होता. मग तेवढ्या जोराचे गुण कापायचं ठरलं, आणि चाल मऊ झाली.

यातली मुलांना सांगण्यासारखी एक गंमत. पडल्यावर खेप थांबवली नाही, तर रोबोट उभा राहण्याच्या भानगडीतच पडत नाही. लोळत लोळत चेंडूपर्यंत जातो आणि अंगाने ढकलून गोल करतो. म्हणून उठणं वेगळं शिकवलं, खेळणं वेगळं, आणि नंतर दोन्ही एकत्र केलं. माणसांनी हाताने लिहिलेल्या हालचालींपेक्षा तो १८१ टक्के जास्त वेगाने चालू लागला, आणि पडल्यावर उठायला लागणारा वेळ ६३ टक्क्यांनी कमी झाला.

प्रश्न : रोबोट खरंच विश्वविजेत्यांना हरवतील का?
– वाचक, ठाणे

उत्तर : रोबोकपची पहिली स्पर्धा १९९७ साली जपानमध्ये नागोयाला झाली. त्यांचं ध्येय ठरलेलं आहे : २०५० पर्यंत पूर्ण स्वयंचलित ह्युमनॉइडच्या संघाने, फिफाच्या नियमांनी, त्या वेळच्या विश्वविजेत्या संघाला हरवायचं. धावणं, किक, पास हे जमेल असं मला मनापासून वाटतं. माझी काळजी धक्क्याची आहे. चेंडूसाठी दोघं एकदम उडी मारतात, तेव्हा कोल्हापूरच्या आपल्या वाचकांसारखा एखादा बचावपटू खांदा लावतो आणि समोरच्याचं हाड मोडणार नाही एवढाच जोर घालतो. यंत्राच्या खांद्याला तो अंदाज शिकवायला संगणकात नुसता रोबोट पुरणार नाही, दुखणारं माणसाचं अंगही तितक्याच खरेपणाने मांडावं लागेल. माझ्या हातात काम असतं, तर मी त्याच्यापासून सुरुवात केली असती.