'विस्तृत' शेती कशाला म्हणायचं, आणि चहाचा 'मळा' कसा?

प्रश्न असा आहे : भूगोलाच्या पुस्तकांत व्यापारी शेतीचे प्रकार सांगताना 'विस्तृत धान्यशेती' आणि 'मळ्याची शेती' वेगळ्या दाखवतात. जमीन दोन्हींकडे शेकडो हेक्टर, माल दोन्हींकडचा विक्रीसाठीच. मग एकीलाच विस्तृत का म्हणायचं? आणि मळा म्हणजे विहिरीखालचं बारकं रान. तो शब्द चहाला कसा लागला?

घोळ होतो तो 'विस्तृत' या विशेषणामुळे. ते शेताच्या आकाराबद्दल आहे असं वाटतं. भूगोलात मात्र ते हेक्टरी किती श्रम, खत, पाणी आणि पैसा लागतो त्याबद्दल आहे. हे सगळं जमिनीवर पातळ पसरलेलं असेल तर शेती विस्तृत, दाट ओतलेलं असेल तर सखोल. (सखोलचा खोल नांगरटीशी काही संबंध नाही, हेही इथेच सांगून टाकतो.)

कॅनडातला सस्कॅचेवान, अमेरिकेतला कॅन्सस, अर्जेंटिनातला पंपास हा गवताळ प्रदेश, युक्रेनपासून कझाकस्तानपर्यंतचा स्टेप हा तसाच गवताळ पट्टा, ऑस्ट्रेलियातलं मरे-डार्लिंगचं खोरं हे गव्हाचे असे पट्टे. यांतल्या कोरड्या भागांत पाऊसच इतका बेताचा की जादा खत-मजूर लावून उतारा फारसा वाढत नाही. जमीन मात्र मुबलक. म्हणून शेतकरी माणसं न वाढवता यंत्रं वाढवतो. कापणी, मळणी, उफणणी एकाच फेरीत उरकणारं कम्बाइन हार्वेस्टर चालवायला एक माणूस पुरतो. ऑस्ट्रेलियात गव्हाचा उतारा हेक्टरी साधारण 2 टन, तर नेदरलंड्समध्ये त्याच्या चौपट. तरीही जगाला गहू विकणाऱ्या बड्या देशांत ऑस्ट्रेलिया आहे. दर माणशी उत्पादन प्रचंड, दर हेक्टरी बेताचं, ही विस्तृत शेतीची खूण.

आता चहा बघा. वाढू दिला तर त्याचं झाड होतं, म्हणून छाटून छाटून कमरेइतकं ठेवायचं. हंगामात दर आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच झुडपाकडे परत यायचं आणि दोन पानं, एक कळी एवढंच खुडायचं. पान त्याच दिवशी कारखान्यात गेलं पाहिजे, म्हणून कारखाना मळ्यातच किंवा अगदी जवळ असतो. रबराचंही तसंच. हवा थंड असताना चीक चांगला वाहतो, म्हणून पहाटे झाडाझाडापाशी जाऊन साल तिरकी छेदायची. तेलताडाचे (ज्याच्या फळांपासून पामतेल निघतं त्या झाडाचे) घड तोडले की दिवसभरात गिरणीत न्यावे लागतात, नाहीतर तेलाचा कस उतरतो. आसाम, श्रीलंका, केनिया, थायलंड, इंडोनेशिया, मलेशिया, कुठेही जा, जमीन अफाट असली तरी राबणारे हात दर हेक्टरी खूप लागतात. म्हणून मळ्याची शेती 'विस्तृत' नाही.

पीक बहुधा परदेशातून आणलेलं, भांडवल बाहेरचं, जमिनीवर एकच पीक, हेही या शेतीचं जुनं लक्षण. रबर मूळचं ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. 1876 मध्ये हेन्री विकहॅमने त्याचं बी लंडनच्या क्यू या वनस्पती-उद्यानात पोचवलं आणि तिथून रोपं श्रीलंका-मलायात गेली. एकाच पिकाचा धोकाही तिथेच दिसला : 1869 च्या सुमारास श्रीलंकेत कॉफीवर तांबेरा आला, काही वर्षांत कॉफी संपली आणि तिच्या जागी चहा आला.

म्हणूनच 'मळा' हा शब्द मला इथे अगदी योग्य वाटतो. बोलीतल्या मळ्यातही आकारापेक्षा निगराणी महत्त्वाची असते. पाणी हाताशी असलेलं, रोज पाय पडणारं रान म्हणजे मळा. फळझाडांना मात्र आपण 'बाग' म्हणतो, तेव्हा स्पेनमधले ऑलिव्ह किंवा चिलीतली द्राक्षं यांच्या बागाच म्हणाव्यात.

'व्यावसायिक शेती' म्हटलं तर चालेल का, असाही उपप्रश्न आहे. मी 'व्यापारी' हाच शब्द पसंत करतो. घरापुरतं पिकवणाऱ्याचाही शेती हा व्यवसायच असतो. फरक माल बाजारासाठी पिकवतो की पोटासाठी, हा आहे. 'नगदी' हे विशेषण पिकाला लागतं, शेतीच्या पद्धतीला नाही. गव्हाला आपण सहसा नगदी पीक म्हणत नाही, पण सस्कॅचेवानमधला गहू पक्का व्यापारी शेतीतला आहे.

व्यापारी शेतीच्या इतर प्रकारांच्या नावांतही असाच घोळ होतो. 'मिश्र शेती' म्हणजे पिकं आणि जनावरं दोन्ही, वायव्य युरोपात असते तशी. एका वावरात दोन पिकं घेतली तर ते मिश्र पीक किंवा आंतरपीक. आणि शहरांना भाजीपाला पुरवणाऱ्या शेतीला काही पुस्तकं 'ट्रक शेती' म्हणतात आणि एका रात्रीत ट्रक जाईल तेवढं अंतर असा खुलासा देतात. इंग्रजीतला हा 'ट्रक' मोटारीपेक्षा जुना, अदलाबदल करणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला आहे. मराठीत 'मंडई बागायत' हा नेमका शब्द असताना तो वापरायची गरज नाही.