२५ गिअर की ३?

प्रश्न: मामांकडून आलेली १९७० च्या दशकातली एक मोपेड माझ्याकडे आहे. पेडल मारून इंजिन चालू करायच्या गिअरचे दोन दाते तुटले आहेत. कंपनी बंद झाली, गिअर कुठेच मिळत नाही. एका वर्कशॉपने एक नग करून द्यायला माझ्या २ महिन्यांच्या बचतीएवढी रक्कम सांगितली. २५ नगांना मात्र १४ महिन्यांचीच बचत लागेल. एक मला ठेवून २४ इतर मोपेडवाल्यांना विकावेत असा विचार आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडू का? ठेवीत साधारण तेवढेच पैसे आहेत, दुसरी शिल्लक नाही.

उत्तर: ठेव मोडू नका. गिअर मात्र जरूर करून घ्या. मामांची गाडी एका चकतीपायी कोपऱ्यात पडून राहावी, असे मलाही वाटत नाही.

आधी तुमच्याच दोन कोटेशनांकडे नीट बघू. हिशेब दिवसांच्या बचतीत मांडतो. एक नग ६० दिवसांचा, पंचवीस नग ४२० दिवसांचे. म्हणजे वरच्या २४ नगांना ३६० दिवस, दर नगाला १५. मग पहिल्याच नगाचे ६० कशाचे? त्यातले ४५ दिवस मापे घेणे, ड्रॉइंग, मशीनची सेटिंग आणि गिअर कडक करायच्या भट्टीची खेप यांचे आहेत. हा खर्च एक नग करा वा शंभर, एकदाच होतो. स्वस्ताई इथून येते, आणि त्यासाठी २५ नगांची गरज नाही. याच दराने ३ नग ९० दिवसांत बसतात, नगामागे ३० दिवस. छोट्या खेपेला वर्कशॉप थोडे जास्त मागेल, म्हणून ३ नगांचे वेगळे कोटेशन लेखी घ्या.

आता विक्रीचे बघा. पंचवीसच्या खेपेत नग जवळपास १७ दिवसांना पडेल. समजा तो २१ दिवसांना विकला. एकच गिअर करून घेतला असता तर जेवढे खर्च झाले असते, तेवढ्यावर यायलाच १८ नग विकले जायला हवेत. सगळे पैसे परत यायला २०. सहाच गेले तर जवळजवळ १० महिन्यांची बचत कपाटात पडून राहील. इटलीच्या पियाज्यो कंपनीची चाओ मोपेड १९६७ पासून २००६ पर्यंत बनत होती, ऑस्ट्रियाची पुख मॅक्सी मोपेडही भरपूर विकली गेली. अशा गाड्यांचे सुटे भाग आजही दुसरे उत्पादक काढतात, कारण गिऱ्हाईक आहे. तुमच्या गाडीचा गिअर कोणीच काढत नाही, यातच मागणीचा अंदाज येतो. शिवाय ज्यांच्याकडे ती गाडी आहे, त्या सगळ्यांचा नेमका हाच गिअर तुटलेला नसणार.

त्यापेक्षा दोन मालक आधी शोधा आणि तिघांनी मिळून ३ नग करा, पैसे आगाऊ जमवून. तुमच्या वाट्याला १ महिन्याची बचत येते, एकट्याने करण्याच्या निम्मी. पाच जण झाले तर २४ दिवस. ज्याने पैसे भरले त्याच्यापुरताच नग. कोणीच भेटले नाही, तर स्वतःसाठी एक करा. ते दोन महिने पुढच्या बचतीतून काढा आणि तोवर गाडी उभी राहू द्या. तुमची ठेव हीच तुमची अडीनडीची शिल्लक आहे. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, तर गिअर विकून दवाखान्याचे बिल भरता येत नाही.

वर्कशॉपला होकार देण्याआधी दोन स्वस्त वाटा तपासा. औद्योगिक सामान विकणाऱ्यांकडे तयार गिअर मिळतात. मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे माप), दात्यांची संख्या, दाब-कोन (दात्याच्या बाजूचा तिरकेपणा) आणि रुंदी जुळली, तर फक्त मधले भोक आणि हब (भोकाभोवतीचा जाड भाग) टर्नरकडून करून घ्यायचे. दाते कापण्याचा मोठा खर्च वाचतो. झिजलेल्या दात्यांवरून मापे घेऊ नका, ती फसवतात. दोन शाफ्टमधले अंतर आणि दोन्ही गिअरांचे दाते मोजले की मॉड्यूल निघते: अंतराची दुप्पट भागिले एकूण दाते. दुसरी वाट म्हणजे तुटलेले दाते वेल्डिंगने भरून पुन्हा घासणे. हा गिअर गाडी चालू करतानाच काही क्षण जोर घेतो, त्यामुळे दुरुस्ती चालूनही जाते. पण पृष्ठभाग कडक केलेल्या पोलादाला वेल्डिंगशेजारी तडा जाऊ शकतो, म्हणून तिला तात्पुरतीच समजा.

नवाच करायचे ठरले, तर पोलादाला हात लावण्याआधी थ्रीडी प्रिंटरवर नायलॉनचा नमुना काढून गिअर बसतो त्या केसमध्ये (धातूच्या कवचात) बसवून बघा. चुकीच्या मापाचे तीन गिअर कडक होऊन आले, तर ९० दिवसांची बचत भंगारात जाईल. ड्रॉइंगची फाइल तुमच्या मालकीची राहील, हेही लिहून घ्या. पाच वर्षांनी पुन्हा गिअर लागला, तर मोजणी आणि ड्रॉइंगचे पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागणार नाहीत.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि तिची मला काळजी वाटते. काही मोपेडमध्ये पेडल उलटे दाबले की मागचा ब्रेक लागतो. तुमच्या गाडीत तो जोर याच गिअरमधून जात असेल, तर वेल्डिंगचा विचार सोडून द्या, आणि पोलादाची जात व कडकपणाची चाचणी वर्कशॉपकडून लेखी मिळाल्याशिवाय हा भाग दुसऱ्या कोणालाही देऊ नका. कोणाच्या गाडीचा ब्रेक उतारावर सुटला, तर जबाबदारी भाग बनवून देणाऱ्यावर येऊ शकते, आणि ती किती महिन्यांच्या बचतीत बसेल याचा हिशेब मी मांडू शकत नाही. या आठवड्यात एवढे एकच करा: केस उघडा, पेडल उलटे फिरवा आणि तो गिअर फिरतो का ते बघा.