जुनी हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) गाडी घेतलीस, तर एवढं बघ

मोठ्या बॅटरीची धास्ती नंतर घे रे, आधी मागच्या सीटजवळची जाळी उघड. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी गार ठेवणारा पंखा तिथूनच हवा ओढतो. धुळीने ती तुंबली की बॅटरी तापते. माझ्या गाडीतून मूठभर केरच निघाला होता! ब्रेक पॅड टिकतात, पण कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना पावसाळ्यानंतर साफ करून घे.

टायर स्वस्त मिळाला म्हणून नाना पेठेतून उचलू नकोस. कडेवरचे शेवटचे चार आकडे वाच: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, गाडीला लागतो त्यापेक्षा कमी नको. मायलेजवाले टायर छान, पण कात्रज घाटातल्या पावसात मला पकडच हवी. दोनच बदलणार असशील, तर नवे मागे लाव.