माऊसचा डोंगल हरवला, ब्लूटूथ डोंगल चालंल का?

प्रश्न : अंबाजोगाईत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. वायरलेस माऊसचा तो यूएसबीत खोचायचा नखाएवढा डोंगल झाडलोट करताना कुठंतरी गेला. बाजारातून ब्लूटूथ डोंगल आणून लावला, त्याला मोबाईल जोडला जातोय, हेडफोन पण जोडला जातोय, पण माऊस काही दिसंना. दुकानवाला म्हणायलाय माऊसच खराब झालाय. खरं का?

उत्तर : दादा, माऊस बहुतेक चांगलाच असंल, लगेच फेकू नका. आधी त्याचं बॅटरीचं झाकण काढा, आत डोंगल ठेवायला एक खाच असते, कित्येकदा आपणच तिथं ठेवून विसरलेलो असतो आन् इकडं सगळं दुकान पालथं घालतो. तिथं नसंल तर मग माऊसच्या बुडाला बघा, ब्लूटूथचं काटेरी चिन्ह आहे का. नसंल तर तो माऊस ब्लूटूथचा नाहीच, कितीही शोधा दिसणार नाही.

लोकांचा घोटाळा होतो तो खोक्यावरच्या २.४ गिगाहर्ट्झ ह्या शब्दानं, म्हणजे रेडिओ लहरींचा एक पट्टा. ब्लूटूथ पण तिथंच चालतं, तुमचा माऊस पण तिथंच, घरातलं बरंचसं वायफाय पण तिथंच. आता आपल्या एसटीत मागच्या सीटवर गोरबोलीत गप्पा चालू असतात आन् पुढं कुणी दखनीत भांडत असतं, गाडी एकच हो, पण भाषा येत नसंल तर शेजारी बसून पण कळत नाही. तसंच आहे हे. ब्लूटूथ ही सगळ्या कंपन्यांनी ठरवलेली सामाईक भाषा, आन् माऊससोबत येणारा डोंगल त्या कंपनीची खाजगी भाषा बोलतो, दोघांची सोयरीक फॅक्टरीतच जमवलेली असते. कॉम्प्युटरला तर वाटतं साधा वायरचाच माऊस लावलाय, म्हणून ड्रायव्हर बिव्हर काही मागत नाही.

लॉजिटेकच्या काही माऊसचं वेगळं आहे. बुडाला नारिंगी चांदणीसारखी खूण असली तर तो युनिफाइंगवाला, त्याचा डोंगल सुटा विकत घेऊन कंपनीच्या सॉफ्टवेअरनं जोडता येतो, एका डोंगलवर ६ वस्तू चालतात. २०२१ मधे लॉजिटेकचाच बोल्ट नावाचा नवा प्रकार आला, त्याचा डोंगल वेगळा, ह्याचा त्याला चालत नाही. बाकी स्वस्तातल्या माऊसचा डोंगल गेला की सरळ नवीन माऊस घ्या, सुटा डोंगल शोधत फिरू नका.

आणलेला ब्लूटूथ डोंगल वाया नाही गेला, ब्लूटूथ माऊस घेतला की कामी येईल. कीबोर्ड मात्र ब्लूटूथचा घेऊ नका, माझं ऐका. आपल्याकडं लाईट जाणं-येणं चालूच, आन् जुन्या कॉम्प्युटरमधला तारीख-वेळ लक्षात ठेवणारा तो सीआर २०३२ सेल संपलेला असला की लाईट आल्यावर काळ्या स्क्रीनवर तारीख चुकली म्हणून एफ १ दाबा म्हणतो. तेव्हा विंडोज चालूच झालेलं नसतं, त्यामुळं ब्लूटूथ कीबोर्ड सहसा मुका असतो, आन् समोर गिऱ्हाईक सातबारा घेऊन उभं. डोंगलचा कीबोर्ड तिथं चालतो. माझ्याकडं हे झालंय, शेजारच्या दुकानातून वायरचा कीबोर्ड उसना आणला होता.

प्रश्न : जालन्याला अकाऊंटचं काम करतो. बाहेरची हार्डडिस्क लावली की माऊस अडखळायलाय, काढली की बरा. बॅटरी बदलून पाहिली.

उत्तर : बॅटरीचा संबंधच नाही. हार्डडिस्क यूएसबी ३ ची असणार, बऱ्याचदा निळ्या पोर्टची असते ती. तिच्यात डेटा पळताना जो गोंगाट निघतो तो बरोबर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, इंटेलनं २०१२ मधेच हे लिहून ठेवलंय. शेजारीच डोंगल असला तर त्याला माऊसचा आवाज ऐकू येत नाही. डोंगल हार्डडिस्कपासून लांबच्या पोर्टला लावा, नाहीतर हातभर यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन टेबलावर माऊसजवळ आणा. सीपीयू टेबलाखाली आन् डोंगल त्याच्या पाठीमागं असंल तर मधी सगळा पत्राच, मग तर वायर लागतेच. ब्लूटूथ डोंगलला पण हाच त्रास होतो, म्हणून त्याच्यासाठी माऊस बदलू नका.

प्रश्न : लातूरला ट्यूशनसाठी आलेय, लॅपटॉपला दोनच यूएसबी. कोणता माऊस घेऊ?

उत्तर : ताई, ब्लूटूथचा. लॅपटॉपमधे ब्लूटूथ असतंच, एक पोर्ट वाचतो, बॅगेत डोंगल हरवायची भीती नाही. गेम खेळणाऱ्या पोरांना डोंगल लागतो, त्यांचे चांगले माऊस सेकंदाला १००० वेळा खबर देतात, ब्लूटूथ साधारण सव्वाशेच्या आसपास. नोट्स वाचायला ते लई झालं. फक्त चहा पिऊन आल्यावर माऊस झोपलेला असतो, हलवला की जागा व्हायला एखादा सेकंद घेतो, बंद पडला म्हणून लगेच दुकानात जाऊ नका.